ह्यांच्या गिटारचा डबा

२ नोव्हेंबर

डबा आला. निशिगंधानं वसईत बसून फोनवरून मागवला आणि इथं भाईंदरला आपल्या दारात हजर. लेकीच्या हातात काय जादू आहे देव जाणे. पोळ्यांच्या डब्याहून थोडासा मोठा, काळा, पुढून जाळी. खरं नाव अ‍ॅम्प. ह्यांची गिटार विजेवरची, नुसती छेडली तर शेजारी बसलेल्यालासुद्धा धड ऐकू येत नाही. तिचा आवाज मोठा करायला हा लागतो. ऑर्केस्ट्रातला ह्यांचा जुना अ‍ॅम्प लहान कपाटाएवढा, तो राई गावात सदूभावजींच्या घरी पडलाय. आमच्या दोन खोल्यांत तो आणला तर मला गॅलरीत झोपावं लागेल.

सदूभावजी म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणारे, ह्यांचे तरुणपणापासूनचे सोबती. दिवाळीत येऊन बोलून गेले, "पंढरी, सव्वीस जानेवारीला नवघरला सत्यनारायणाचा प्रोग्राम हाय. तुझी खुर्ची मी ठेवलीय. बसून वाजव. वर्ष संपायच्या आत सांग म्हणजे झालं." तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. वैशाखात ह्यांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. पाय काठी धरून परत आला. हात अर्धा आलाय. गिटारीच्या तारा दाबायच्या त्या डाव्याच हातानं. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. मग गिटारीसारखं दुसरं औषध कुठलं?

गिटारीच्या वायरीचा जॅक लावला, ह्यांनी उजव्या हातानं मोकळ्या तारा छेडल्या आणि मांडणीतली झाकणं शहारली. माझे डोळे भरून आले. हे म्हणाले, "अगं, अजून वाजवलंय कुठं मी?"

ह्यांनी मलाच सांगितलंय, डब्याचं बरंवाईट लिहून ठेव, परत करायची वेळ आली तर उपयोगी पडेल. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन शिवायला येणारे ब्लाउजपीस गुंडाळलेल्या पेपरांवर झालं. पण लिहीन.

५ नोव्हेंबर

हे म्हणतात, डबा चिरका आहे. पत्र्यात वाटाणे हलवल्यासारखा. लिहिलं.

मी आपला त्याच्यावर तळहात ठेवून बघितला. शिलाई मशीन कुठं दुखतंय ते मला हातालाच कळतं, आवाज नंतर. या डब्याच्या अंगाला कसली थरथर नाही, तापतही नाही. पण गाण्यातलं मला काय कळतंय? चाळीस वर्षं ज्यांनी वाजवलं त्यांचा कान खरा.

निशिगंधा फोनवर म्हणाली, "आई, याचं सगळ्यांनी कौतुक केलंय. बाबा वाजवतात का पण?"

"वाजवतात म्हणजे काय! सुरुवात करतात आणि मग आवाज आवडत नाही म्हणून ठेवतात."

ती मग म्हणाली, "बरं, परत पाठव."

१२ नोव्हेंबर

तो डबा परत गेला. मीरा रोडला गिटारींचं दुकान आहे तिथं गेले, एकटीच. ह्यांना म्हटलं रिक्षानं जाऊ, तुम्ही वाजवून बघा. तर म्हणाले, "दोन जिने उतरून परत चढायचे. तूच जा. तुझा कान चांगला आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कानाचं कौतुक आज पहिल्यांदा झालं. मोरपंखी साडी नेसून गेले.

दुकानदार सभ्य माणूस. त्यानं तीन डबे लावून दाखवले. एक फार गुरगुरत होता, एक निशिगंधानं मागवला तसलाच. तिसऱ्याचा आवाज गरम भातावर तूप सोडावं तसा पसरला. "आंटी, ये घर में प्रॅक्टिस के लिए एकदम बढ़िया है. पड़ोसी भी गाली नहीं देगा." तोच घेतला. उचलून आणताना खांदा भरून आला. पण ह्यांच्या खुर्चीशेजारी ठेवला तेव्हा घरात कुणी पाहुणा येऊन बसल्यासारखं वाटलं.

१३ नोव्हेंबर

घुंऽऽ. नुसता चालू केला की घुंऽऽ. हे म्हणाले, "ऐक. ह्यात कोण वाजवणार?"

खरंच भुंगा कोंडल्यासारखा आवाज होता. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, डबा ठीक आहे काकी, तुमच्या भिंतीतल्या प्लगाला अर्थिंग नाही. दुपारभर खटपट करून जोडून दिलं. भुंगा गेला! मी धावत जाऊन ह्यांना सांगितलं, "अहो, दोष भिंतीत होता."

"हं," म्हणाले. आज मात्र वाजवलं नाही. मान आखडलीय म्हणाले. तेल चोळून दिलं.

२० नोव्हेंबर

मी दुपारी कपडे द्यायला बाहेर जाते तेव्हा हे वाजवतात. मी असले की नाही. लाजतात की काय, या वयात!

जिन्यात खालच्या हंसाबेन भेटल्या. मी आधीच म्हटलं, "आवाज का त्रास होता है क्या?" तर म्हणाल्या, "नहीं रे शेवंतीबेन, अच्छा लगता है. लेकिन भाईसाहब एक ही टुकड़ा बजाते हैं. एक ही जगह पे आके रुक जाता है. फिर पहले से. फिर रुक जाता है. आज तो मैं रोटी बेलते बेलते वहीं रुक गई उनके साथ."

म्हणजे डब्याचा आवाज मध्येच तुटतोय. बिचारे ह्यांनी मला सांगितलंसुद्धा नाही, उगीच माझी धावपळ नको म्हणून. घरी येऊन विचारलं तर आधी गिटार पुसत राहिले. मग म्हणाले, "हो. तुटतो मध्येच."

केबल ढिली असेल. उद्या नवी आणते.

२३ नोव्हेंबर

नवी केबल लावली. तरी तुटतोच म्हणतात.

मी आज ह्यांना न कळू देता स्वयंपाकघरात उभी राहून नीट कान दिला. तो तुकडा मी ओळखला. ऑर्केस्ट्राचा पडदा उघडताना ह्यांची गिटार एकटी वाजायची, त्याला सगळे टायटल म्हणायचे. ह्यांनीच बसवलेलं. कुणाकडे शिकले नाहीत, रेडिओला कान लावून लावून हात बसवला. नायगावच्या कामगार मैदानात मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निशिगंधा पोटात होती.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती दुकानदाराला सांगण्यासारखी आहे. मोकळ्या तारा छेडल्या तर आवाज स्वच्छ. बोटं ठेवली की बिघडतो, खर्र करतो, मरतो. असला कसला डबा?

२४ नोव्हेंबर

दुकानदाराला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो डबा उघडायला स्क्रू काढत होता, तो थांबला.

"आंटी, बजाता कौन है?"

"हमारे साहब. ऑर्केस्ट्रा में थे."

"तबीयत ठीक है उनकी?"

"अब ठीक है. वैशाख में अटॅक आया था हाथ को. छब्बीस जनवरी को प्रोग्राम है."

त्यानं स्क्रू परत घट्ट केला. मग आतून दुसरा डबा आणून दिला. तक्रार कागदावर लिहून घेतली नाही, वाद घातला नाही. वर म्हणाला, "जितने दिन रखना है रखो. टेंशन मत लेना." एवढं भलं दुकान मी बघितलं नाही. हा डबा दिसायला मागच्यासारखाच. जुळा भाऊ म्हणा ना.

२९ नोव्हेंबर

या डब्याला मी कव्हर शिवलं. आपल्या घरात मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, माझ्या मशीनला तर दोन. याच्याच अंगावर काही नाही. बाहेर रस्त्याचं काम चाललंय, धूळ केवढी येते. जुन्या दुलईचं जाड कापड घेतलं, मरून काठ लावला, चारी बाजूंनी बंद, फक्त बटणांपुरती खिडकी. निशिगंधा इथं असती तर हसली असती.

संध्याकाळी ह्यांनी डबा तसाच, कव्हरासकट चालू केला. मी म्हटलं, "अहो, काढते की." म्हणाले, "राहू दे." आणि वाजवलं. माझ्यासमोर!

आवाज दूरून येत होता, शेजारच्या इमारतीत कुणी वाजवावं तसा. पण खर्र नाही, तुटणं नाही. सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं. मी विचारलं, "बरा येतो ना?"

"मऊ येतो," म्हणाले. "आता बरा आहे."

म्हणजे डब्याला कव्हर हवं होतं! कुठल्या दुकानदारानं हे सांगितलं असतं?

८ डिसेंबर

रोज वाजवतात. रोज! कव्हर काढू देत नाहीत. जेवण बरं जातंय. काल माझ्या मशीनची सुई मोडली तेव्हा हे मागून म्हणाले, "तुलासुद्धा डबा बदलून हवाय का?" मी हसून हसून बेजार. वैशाखानंतर ह्यांनी केलेली ही पहिली थट्टा.

मला राहवलं नाही. ह्यांना न विचारता सदूभावजींना फोन लावला. "भावजी, डबा जमला. खुर्ची ठेवा."

"वहिनी, खरं सांगताव?" माणूस ओरडलाच. "मी येतोय. रविवारी येतोय. काय घेऊन येऊ? बोंबील आणू?"

ह्यांना सांगितलं तेव्हा हे कव्हरावरचा धागा ओढत बसले होते. "कशाला फोन केलास?" एवढंच म्हणाले. चिडून नाही. मला वाटलं, दृष्ट लागेल म्हणून.

१४ डिसेंबर

आज सदूभावजी आले, बोंबील घेऊन. बरोबर त्यांची भाची रसिका. बँकेत आहे, गेल्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. ह्यांच्या पाया पडली. म्हणाली, "काका, टायटल मी तुमच्या जुन्या कॅसेटवरून बसवलंय. चुकतं कुठं ते सांगाल?"

हे म्हणाले, "आधी चहा घे."

भावजींना धीर कुठला. "पंढरी, चहा मागून. वाजव."

ह्यांनी वाजवलं. कव्हरातून. मी दारात उभी होते, छाती फुगवून. अर्ध्यात भावजी उठले. "अरे, ह्याचं तोंड का बांधलंय? वहिनी, बाळंतिणीसारखं गुंडाळून ठेवलंय की." आणि हसत हसत त्यांनी कव्हर वर ओढून काढलं. "आता वाजव."

हे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, वाजवा म्हणून. मीच हलवली.

त्यांनी वाजवलं. पहिले दोन सूर आले. तिसऱ्याला बोट तारेपर्यंत पोचलंच नाही, नुसतं खर्र झालं. चौथा मेलेला. पाचव्याला करंगळी वर निघून गेली, थंडीत वळलेल्या सुरवंटासारखी. हे थांबले. पहिल्यापासून सुरू केलं. त्याच जागी थांबले. हंसाबेननी सांगितलेली ती जागा हीच, ते मला तिथं उभ्या उभ्या समजलं.

 भावजी मोठ्यानं म्हणाले, "डब्याची केबल बघितली का?" त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आवाजावरून कळलं.

ह्यांनी गिटार काढून रसिकाकडे दिली. "तू वाजव. चुकतं कुठं ते सांगतो."

ती नको नको म्हणाली. ह्यांनी दिलीच. मग तिनं वाजवलं. तोच डबा, तीच केबल, तीच गिटार. अंगावर काटा आला माझ्या. कामगार मैदान आमच्या दोन खोल्यांत येऊन उभं राहिलं. पोरीचे डोळे मिटलेले, म्हणून तिनं ह्यांना बघितलं नाही. मी बघितलं. ह्यांची मान तालावर हलत होती आणि डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.

संपल्यावर म्हणाले, "शेवटाला घाई करतेस. तिथं श्वास घे."

बोंबील केले. सगळे जेवले. भावजींनी दोन वेळा भात मागून घेतला आणि ताटात तसाच ठेवला. जाताना मला जिन्यापर्यंत घेऊन गेले. "वहिनी, मी खुर्चीचं काय बोलणार न्हाय. त्याला सांगायचं तवा सांगूद्या."

१५ डिसेंबर

कव्हर घडी करून कपाटात ठेवलं. 

१९ डिसेंबर

मला काय काय कळलं ते लिहायला बसले आणि परत उठले. मागची पानं मला वाचवत नाहीत. चिरका, घुंऽऽ, तुटतो. मी सगळं मनापासून लिहिलंय आणि त्या भल्या दुकानदाराला बोलून आलेय. तो स्क्रू काढता काढता थांबला होता. परक्या माणसाला जे एका वाक्यात समजलं ते मला कळलं नाही. आणि हे मला सांगू शकले नाहीत. मी एवढी मोरपंखी साडी नेसून निघाल्यावर कसं सांगणार?

मी कव्हर शिवलं नसतं तर? तर ह्यांनी आधीच सोडलं असतं, की खरोखर बोटं सुधारली असती? ह्यांच्या हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी, जेवढं यायचं तेवढं पहिल्या सहा महिन्यांत येतं. शर्टाची बटणं लावता येतात ना त्यांना? खूप झालं."

बटणं लावता येतात. खरं आहे.

२२ डिसेंबर

सकाळी ह्यांनी स्वतःहून फोन लावून मागितला. "सदू, मी बोलतोय. खुर्ची रसिकाला दे."

पलीकडून भावजींचं बोलणं बराच वेळ ऐकत राहिले. "नाही रे," म्हणाले. "रागावून नाही सांगत. तू ठेवलीस तेवढं पुष्कळ झालं." मग, "सत्यनारायणाला प्रसाद घ्यायला येईन की. गाडी पाठव." फोन माझ्या हातात देऊन अंघोळीला गेले. आत पाणी कितीतरी वेळ वाहत होतं. मी हाक मारली नाही. मशीनवर बसले आणि एकाच्या दोन बाह्या दुसऱ्याच ब्लाउजला जोडल्या. मग सगळं उसवत बसले.

२८ डिसेंबर

आज भावजींचा फोन आला तेव्हा मी काजं करत होते. रसिका आई-वडिलांबरोबर छोट्या फ्लॅटमध्ये राहते, घरी सराव करायला तिला अ‍ॅम्प घ्यायचाय. "पंढरीला विचारा वहिनी, तुमचा डबा कसा हाय? घेऊ का पोरीला तसलाच?" मग हळू आवाजात म्हणाले, "विचारू ना? वाईट तर न्हाय वाटणार?"

मी फोनवर हात ठेवून ह्यांना सांगितलं. वाटलं, नाही म्हणतील, किंवा हाच देऊन टाक म्हणतील. हे उठून खुर्ची डब्यासमोर घेऊन बसले. गिटार मांडीवर घेतली. मोकळ्या तारा एकदा हळू छेडल्या, एकदा जोरात. बटणं एकेक करून फिरवली. कान जाळीजवळ नेला. एवढ्या दिवसांत त्यांनी या डब्याला असं नीट बघितलेलं मी बघितलं नव्हतं.

"लिही," म्हणाले. "नीट लिही, म्हणजे तिला वाचून दाखवता येईल."

त्यांनी सांगितलं तसं उतरवतेय:

आवाज स्वच्छ. कमी आवाजावरही सूर सुटा कळतो, घरासाठी हे महत्त्वाचं. बास, म्हणजे खर्ज, थोडा कमी, पण एवढ्या जिवाकडून तेवढाच मागावा. डबा जमिनीवर ठेवू नये, स्टुलावर ठेवावा, म्हणजे आवाज पायाला न लागता कानाला लागेल. सूर फुगवणाऱ्या बटणाचा, गेनचा आकडा अर्ध्याच्या खाली ठेवावा. जास्त ठेवला तर चुका गोड वाटतात आणि माणूस स्वतःला फसवतो. स्टेजवर उपयोगाचा नाही, तिथं मोठाच हवा. सरावाला यासारखा नाही. प्लगाला अर्थिंग तपासून घ्यावं.

एवढं झाल्यावर थांबले. मी विचारलं, "अजून?"

"लिही, डब्यात दोष नाही."

मी लिहिलं. खाली एक रेघ ओढली.

भावजींचा फोन मधेच ठेवला होता, तो मग परत लावला. रसिका तिथंच होती. मी वाचायला लागले तर ह्यांनी फोन मागून घेतला. "रसिका, हे बघ, घे तू हा. आता ऐक, ते शेवटाचं तुझं." आणि बोलायला लागले. तिसऱ्या सुरावर कुठलं बोट, पाचव्याला करंगळी कशी सरकवायची, कुठं घाई करायची नाही, कुठं थांबायचं. मी चहा ठेवला, दोनदा गरम केला. वैशाखापासून हे एका दमात एवढं बोलले नव्हते.

कप घेऊन आले तेव्हा फोन ह्यांनी उजव्या हातात धरला होता. डावा हात समोर हवेत उचलला होता, गिटारीची मान धरावी तसा, आणि "हे बोट इथं, मग हे इथं" म्हणून पोरीला दाखवत होते. करंगळी जागची हलत नव्हती. फोनवर तिला काही दिसत नव्हतं. ती पलीकडून "हो काका, हो काका" म्हणत होती.